बंडाचं कापड दुकानात कसं पोचतं?



आजचा विषय कपड्यांचा आहे, आणि कपड्यांच्या निमित्ताने बंडाचा. जुलै २०२१ मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने एक छोटीशी बातमी दिली. पॅटागोनिया या अमेरिकन कंपनीने अरविंद मिल्सच्या मार्फत सुमारे ३०,००० मीटर खादी डेनिम विकत घेतलं होतं. किंमत १ कोटी ८ लाख रुपये. कापड हाताने कातलेलं, हातमागावर विणलेलं, राजकोट जिल्ह्यातल्या गोंडलच्या एका खादी संस्थेतलं.

कापडाच्या धंद्यात हा आकडा मोठा नाही. मीटरमागे सरासरी ३६० रुपये पडतात. पण मला ही बातमी फार बोलकी वाटते, कारण त्या एका कापडात तीन बंडं शेजारी शेजारी बसली आहेत. एक खादीचं: परदेशी कापडाविरुद्धचं आणि गिरणीच्या कापडाविरुद्धचंही. दुसरं जीन्सचं: इस्त्रीच्या पॅन्टी घालणाऱ्या सभ्य अमेरिकेविरुद्ध तिथल्या तरुणांनी केलेलं. तिसरं तर थेट खरेदीविरुद्धचं. ज्या कंपनीने हे कापड घेतलं, तिनेच २५ नोव्हेंबर २०११ रोजी, अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या खरेदीच्या दिवशी, न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात दिली होती. आपल्याच जॅकेटचा फोटो, आणि वर मथळा: हे जॅकेट विकत घेऊ नका.

तीन नकार, आणि तिन्ही आता मीटरवर मोजून मिळतात. हे झालं कसं?

"बाजार सगळं गिळतो" असं म्हणून मोकळं होता येतं. बरेच जण होतातही. पण त्या उत्तरात बंड करणारे भाबडे ठरतात आणि बाजार राक्षस ठरतो. इतिहासात पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. आपल्याकडे खादीच्या बाबतीत हा धोका खुद्द गांधींनी ओळखला होता. त्यांनी तो टाळायचे प्रयत्नही केले, एकदा नाही, अनेकदा. ते प्रयत्न कुठे अडले, ते पाहिलं की बंडाचं कापड दुकानात कोणत्या वाटेने पोचतं ते नीट कळतं. म्हणून आज जास्त वेळ आपण खादीपाशी थांबणार आहोत.

बहिष्काराला दुकान लागतं

स्वदेशी कपडे ही गांधींची कल्पना नव्हे, हे मराठी माणसाला सांगायला नको. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबाराला गेले ते हाताने कातलेल्या सुताचे कपडे घालून. राजेमहाराजांच्या जरीच्या झगमगाटात ते पांढरं जाडंभरडं कापड म्हणजेच एक निवेदन होतं. पण काका तेवढ्यावर थांबले नव्हते. देशी मालाची दुकानं निघावीत म्हणूनही ते धडपडले. कारण सरळ आहे. "हे घेऊ नका" म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच: मग काय घेऊ?

१९०५ साली बंगालच्या फाळणीनंतर हा प्रश्न देशभर उभा राहिला. ७ ऑगस्टला कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये बहिष्काराचा ठराव झाला. ऑक्टोबरमध्ये पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली, तिच्यात टिळक होते, तरुण सावरकर होते. पुढच्याच वर्षी, १९०६ मध्ये, मुंबईत बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स सुरू झालं, त्यामागेही टिळकांचा पुढाकार होता.

आता बंगालमधल्या माणसाने मँचेस्टरचं धोतर टाकलं तर तो नेसणार काय? मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांचं धोतर. मागणी वाढली तशी मुंबईच्या गिरणीमालकांनी धोतरांचे भाव चढवले. भाव आवाक्यात ठेवा, अशी विनवणी बंगालच्या पुढाऱ्यांनी केली. तिचा फारसा उपयोग झाला नाही.

इथे कोणी कोणाला फसवलं असं मी म्हणणार नाही. बहिष्कार हासुद्धा बाजारातलाच एक व्यवहार असतो. एका दुकानाकडे पाठ फिरवली की तोंड दुसऱ्या दुकानाकडे होतं, आणि तो दुकानदार आपला गल्ला मोजतोच. विशेष म्हणजे देशभक्ती आणि जादा भाव एकाच पावतीवर आले तरी गिऱ्हाईक खूश होतं. कारण त्याला धोतराबरोबर आणखी काहीतरी मिळत होतं. आपण कोण आहोत, हे चारचौघांत सांगायची सोय.

दोन हजार वार सूत

गांधींनी यातून जो धडा घेतला तो मला फार महत्त्वाचा वाटतो. नुसतं देशी विकत घेणं पुरेसं नाही. स्वतः काही केलं पाहिजे. म्हणून चरखा.

गंमत अशी की १९०९ साली 'हिंद स्वराज्य' लिहिताना त्यांनी चरखा पाहिलेलाही नव्हता. आत्मकथेत त्यांनी हे मोकळेपणाने लिहिलं आहे. पुढे गंगाबेन मजमुदार यांनी बडोदा संस्थानातल्या विजापूरला माळ्यावर पडलेले चरखे शोधून काढले, तिथून गाडी सुरू झाली.

३१ जुलै १९२१ रोजी परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात परदेशी कपड्यांची प्रचंड होळी झाली. ही होळी रवींद्रनाथ ठाकुरांना पटली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या 'मॉडर्न रिव्ह्यू'मध्ये त्यांनी विचारलं, की ज्यांच्या अंगावर कापड नाही, त्यांच्या वाट्याचं हे कापड जाळायचा हक्क मला कोणी दिला?

सप्टेंबरमध्ये तोच प्रश्न गांधींसमोरही आला होता, पण वेगळ्या तोंडून. दक्षिणेच्या दौऱ्यात लोक म्हणाले, खादी घ्यायला आमच्याकडे पैसे नाहीत. खादी गिरणीच्या कापडापेक्षा महाग होती. २२ सप्टेंबरला मदुराईत गांधींनी सदरा-टोपी सोडली आणि पंचा नेसला. परवडत नसेल तर कमी कापडात भागवा, हे त्यांचं उत्तर होतं. हा प्रसंग आपण त्यागाची कथा म्हणून ऐकतो. मला तो एक आर्थिक कबुलीजबाब वाटतो. गरिबांसाठी काढलेलं कापड गरिबांनाच परवडत नव्हतं.

त्याच वर्षी बाजारानेही आपलं काम सुरू केलं होतं. गांधींचं नाव आणि चित्र असलेल्या सिगारेटी विकायला आल्या होत्या. तंबाखूचा तिटकारा असलेल्या या माणसाने जानेवारी १९२१ च्या 'यंग इंडिया'त त्याबद्दल चिडून लिहिलं. गिरण्याही मागे नव्हत्या. त्यांनी मुद्दाम जाड, भरड कापड काढलं आणि ते खादी म्हणून खपू लागलं. नुसत्या नजरेला फरक कळणं कठीण. बंडाची खूण जितकी साधी, तितकी तिची नक्कल सोपी.

मग खरा खादीवाला ओळखायचा कसा? डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन. तिथे ठरलं, की काँग्रेसचं सभासदत्व चार आण्यांत मिळणार नाही. सभासदाने दर महिन्याला २,००० वार सूत द्यायचं. वर्षाला २४,००० वार. पैसे नकोत, पण हात चालवा.

कल्पना विलक्षण होती. विकत घेता येणार नाही अशी ओळख निर्माण करायची! पण त्या ठरावातच एक फट होती. आजारपण, अनिच्छा किंवा तसंच काही कारण असेल तर दुसऱ्या कोणी कातलेलं तेवढंच सूत दिलं तरी चालेल, अशी सवलत तिच्यात होती. स्वराज्य पक्षाच्या पुढाऱ्यांशी जमवून घ्यायचं तर तेवढी तडजोड करावी लागली. परिणाम काय झाला असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. ज्यांना कातायचं नव्हतं त्यांनी सूत विकत घेतलं आणि भरलं. चार आण्यांऐवजी सुताची गुंडी हे चलन झालं, एवढंच. वर्ष संपायच्या आत, सप्टेंबर १९२५ मध्ये, पाटण्याच्या बैठकीत चार आण्यांचा पर्याय परत आला. आणि खादीचं काम पाहायला अखिल भारतीय चरखा संघ ही वेगळी संस्था स्थापन झाली.

चरखा संघाने काम मोठं केलं. गावोगाव कापूस पोचवला, सूत घेतलं, विणून घेतलं, भांडारं उघडली, प्रदर्शनं भरवली. पण भांडार आलं की गिऱ्हाईक आलं, आणि गिऱ्हाइकाची आवडनिवड आली. जाड खादीची नऊवारी नेसून दिवसभर वावरणं किती जड जात असेल याची कल्पना करा. शहरातल्या सुखवस्तू बायकांची तक्रार खोटी नव्हती. मग तलम सूत आलं, रंग आले, काठ आले, छपाई आली. आंध्रातल्या पोंडुरूची तलम खादी नावाजली गेली. एकाच खादीत दोन खादी झाल्या: सभेला नेसायची आणि शेतात नेसायची. ज्या कापडाने श्रीमंत-गरीब एका रांगेत बसायचे, त्या कापडाच्या पोतावरूनच आता रांग कळू लागली.

१९३४ साली तर मजाच झाली. इंग्रजांच्या राज्यात खद्दर नावाचं रक्षण करणारा कायदा झाला. हाताने कातून हाताने विणलेलं असेल तरच कापडाला खादी किंवा खद्दर म्हणता येईल. म्हणजे ज्या सरकारविरुद्ध खादी घालायची, त्याच सरकारच्या कायद्यात ती व्यापारी नाव म्हणून सुरक्षित झाली. यात चूक काही नव्हतं. कातणाऱ्यांच्या पोटावर पाय येत होता, कायदा हवाच होता. पण कायद्याने ज्या नावाचं रक्षण करावं लागतं, त्या नावाला बाजारात किंमत आलेली असते, हेही तितकंच खरं.

दुकानदाराने गिऱ्हाइकाला काम सांगितलं तर

१९३५ साली गांधींनी एक अप्रिय प्रश्न काढला. खादी नेसणाऱ्याला देशभक्तीचं समाधान मिळतं, पण कातणारीला काय मिळतं? तिची मजुरी इतकी कमी होती, की तिच्यात पोट भरणं शक्य नव्हतं. त्यांनी चरखा संघाला मजुरी वाढवायला लावली. सहकाऱ्यांनी सांगितलं की खादी आणखी महाग होईल, खप घटेल. गांधींचं म्हणणं होतं, होऊ दे. स्वस्त खादी हवी म्हणून बाईला उपाशी ठेवायचं असेल तर ती खादी कशाला हवी?

आणि शेवटचा प्रयत्न. १९४४ साली तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी सेवाग्रामला चरखा संघाच्या कार्यकर्त्यांशी खूप चर्चा केली. वीस वर्षांच्या कामाचा हिशेब मांडला. त्यांचा रोख असा होता, की आपण खादी विकत राहिलो, पण गाव आपलं कापड आपण करील हे काही घडलं नाही. त्यातून १९४५ मध्ये चरखा संघाने नियम केला: खादी घ्यायची तर किमतीचा काही भाग सुतात द्यायचा. पैसे कितीही असोत, थोडं तरी सूत आणा, मग खादी मिळेल.

मंडळी, जगाच्या इतिहासात असं दुकान क्वचितच निघालं असेल. गिऱ्हाइकाला परत पाठवणारं दुकान! इतर दुकानं माल विकताना ओळख फुकट देतात. हे दुकान म्हणत होतं, ओळख हवी असेल तर आधी तास-दोन तास चरख्यावर बस.

हा नियम टिकला नाही. दोन वर्षांत स्वातंत्र्य आलं आणि खादी नेसणारे सत्तेवर आले. १९५६ च्या कायद्याने खादी आणि ग्रामोद्योग आयोग झाला, भवनं निघाली, गांधी जयंतीची सूट सुरू झाली. पांढरी कडक इस्त्रीची खादी हा पुढाऱ्याचा गणवेश झाला. आपल्या सिनेमा-नाटकांत तर नुसती टोपी दिसली तरी प्रेक्षक हसू लागले. मग एक नवी पिढी त्या पांढऱ्या खादीला कंटाळून हातमागाचा रंगीत झब्बा, खांद्याला झोळी, पायात कोल्हापुरी अशा वेशात आली. तेही बंडच होतं. काही वर्षांत त्यालाही 'झोळीवाला' हे नाव पडलं, आणि तो झब्बा चांगल्या वस्तीतल्या दुकानात चांगल्या किमतीला मिळू लागला. दिल्लीत ग्रेटर कैलाशमध्ये फॅबइंडियाचं पहिलं दुकान निघालं ते १९७६ साली. २०१८ मध्ये खादी हे नाव वापरण्यावरून आयोगाने याच कंपनीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला आणि ५२५ कोटी रुपयांची भरपाई मागितली. कज्जा सुताचा नव्हता, नावाचा होता.

अमेरिकेतली पॅन्ट

आता आपल्या पॅन्टच्या दुसऱ्या धाग्याकडे वळू. हे कापड विणलं गोंडलला, पण जीन्सचा जन्म अमेरिकेचा. जेकब डेव्हिस हा शिंपी आणि लेव्ही स्ट्रॉस हा कापडाचा व्यापारी, या दोघांना २० मे १८७३ रोजी पॅन्टच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट ठोकण्याचं पेटंट मिळालं. पॅन्ट होती खाणकामगारांची, गुराख्यांची, मजुरांची. कष्टात फाटू नये म्हणून मजबूत केलेली.

१९५३ मध्ये 'द वाइल्ड वन' या चित्रपटात मार्लन ब्रँडोने ती घातली, १९५५ मध्ये 'रिबेल विदाउट अ कॉज'मध्ये जेम्स डीनने. अनेक शाळांनी जीन्सला बंदी केली आणि त्यामुळे तिची गोडी वाढली. १९६० च्या दशकात दक्षिणेकडे काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी फिरणारे विद्यार्थी शेतमजुरांसारखे डेनिमचे कपडे घालू लागले. आम्ही यांच्या बाजूचे आहोत, असं ते कापड सांगत होतं. मग हिप्पी आले. त्यांनी जीन्सवर फुलं भरली, ठिगळं लावली. ठिगळ म्हणजे नवीन घ्यायला नकार. दशक उलटत नाही तोच कारखान्यातून ठिगळासकट जीन्स येऊ लागल्या, आणि १९८० च्या सुमारास फॅशन डिझायनरांची नावं त्यांच्या मागच्या खिशांवर झळकू लागली.

इथे आपल्याला वाटतं, की बंड आधी झालं आणि बाजाराने ते मागून पळवलं. थॉमस फ्रँक या अमेरिकन लेखकाने १९९७ च्या 'द कॉन्क्वेस्ट ऑफ कूल' या पुस्तकात हा समज तपासला. त्याने दाखवलं, की जाहिरातवाले हिप्पींच्या मागून आले नव्हते. बऱ्याच बाबतीत ते पुढेच होते. फोक्सवॅगनच्या छोट्या मोटारीची प्रसिद्ध जाहिरातमाला १९५९ ची आहे. दिखाऊ गाड्यांची, दरवर्षी बदलणाऱ्या मॉडेलांची, एकूण खरेदीच्या वेडाची ती टिंगल करत होती. उपभोगावरची टीका वापरून मोटार विकली जात होती, आणि तेव्हा हिप्पी हा शब्दही घरोघरी पोचला नव्हता.

जोसेफ हीथ आणि अँड्र्यू पॉटर या दोन कॅनडियन अभ्यासकांनी २००४ साली याच्याही पुढचा मुद्दा मांडला. त्यांच्या मते ग्राहकसंस्कृती सगळ्यांसारखं होण्याच्या हौसेवर चालत नाही, ती इतरांपेक्षा वेगळं दिसण्याच्या हौसेवर चालते. मग बंडखोर हा तिचा शत्रू कसा? तो तर तिचा सगळ्यात उत्साही गिऱ्हाईक! सगळे जे घेतात ते तो टाकतो, नवीन काहीतरी शोधतो, आणि तो जे शोधतो ते पाच वर्षांनी सगळ्यांना हवं असतं.

उदाहरणं भरपूर आहेत. शहर सोडून कम्यूनमध्ये राहायला गेलेल्या तरुणांचं १९६८ चं आवडतं पुस्तक कोणतं? 'होल अर्थ कॅटलॉग'. कॅटलॉग! कुठली कुऱ्हाड चांगली, कुठला तंबू टिकाऊ, कुठून मागवायचा. व्हँकुव्हरचं 'अ‍ॅडबस्टर्स' हे नियतकालिक १९८९ पासून जाहिरातींची टर उडवत आलं, काही न विकत घेण्याचा दिवस त्याने जगभर नेला. २००४ मध्ये त्याने स्वतःचे बूट विकायला काढले, बोधचिन्हाच्या जागी एक ठिपका. ब्रँड नसलेला ब्रँड.

आपल्या गोव्यात हणजुणेचा बुधवारचा बाजार आहे. सत्तरच्या दशकात हिप्पींनी मुक्काम लांबवायला पैसे हवेत म्हणून मायदेशाहून आणलेल्या वस्तू तिथे विकायला काढल्या, तिथून तो वाढला. वस्तूंच्या जगाला कंटाळून आलेल्या माणसांनी मागे ठेवलेली सगळ्यात टिकाऊ गोष्ट म्हणजे एक बाजार.

पॅटागोनियाचं काय झालं? ती जाहिरात प्रामाणिक होती असं मी धरून चालतो. एका जॅकेटला १३५ लिटर पाणी लागतं, हे तिच्यात स्पष्ट छापलं होतं. कपडे दुरुस्त करून देण्याचं कामही कंपनी करते. पण "घेऊ नका" म्हटल्यानंतरच्या वर्षात तिची विक्री जवळजवळ एक तृतीयांशाने वाढली, अशा बातम्या आल्या. लोकांनी जॅकेट घेतलं, आणि आपण जॅकेट न घेणाऱ्यांपैकी आहोत हे समाधानही घेतलं.

साधेपणा कोणाला परवडतो

इथपर्यंत ऐकून वाटेल, की उपाय म्हणजे खरोखर कमी वापरणं, साधं राहणं. मलाही ते पटतं. पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती महाराष्ट्रानेच देशाला दाखवली.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषद भरली होती. तिथे बाबासाहेब आंबेडकर दलित स्त्रियांशी बोलले. त्यांनी सांगितलं, अस्पृश्यतेची खूण सांगणारं नेसणं सोडा, वरच्या जातीच्या बायका नेसतात तशी लुगडी नेसा, अंगावरचे ते ठरावीक दागिने टाका. बायकांनी ते लगेच मनावर घेतलं. आता विचार करा. याच दशकात एक मोठा नेता जाड कापड नेसा म्हणत होता आणि दुसरा नीट नेसा, चांगलं नेसा म्हणत होता. दोघेही बंडच सांगत होते. कारण दलिताने फाटकं नेसणं हा जातीचा हुकूम होता. त्याने ते फाटकं मिरवलं असतं तर त्यात बंड कुठलं? बाबासाहेबांचा सूट आणि गांधींचा पंचा यांची तुलना करताना आपण हे विसरतो. सगळं असून पंचा नेसणाऱ्याला महात्मा म्हणतात. काहीच नसून पंचा नेसणाऱ्याला कोणी काहीच म्हणत नाही.

१९४५ च्या आपल्या पुस्तकात बाबासाहेबांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधावर कडाडून टीका केली. यंत्राने माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. जिच्या आयुष्यात विश्रांतीच नाही, तिला साधेपणाचा उपदेश करून काय मिळणार?

म्हणून उपभोगाविरुद्धचं बंड जेव्हा "मी बघा किती कमी वापरतो" या थाटात येतं, तेव्हा मी जरा सावध होतो. मोजक्या महागड्या वस्तूंनी सजवलेलं रिकामं घर आणि खरोखर रिकामं घर यांच्यात फार अंतर आहे. पहिल्या घराचे फोटो निघतात.

गुंडीचा भाव

आता पुन्हा सुताकडे येऊ, कारण माझ्या मते उत्तर तिथेच आहे.

बंडाचं कापड दुकानात पोचतं ते तीन टप्प्यांनी. आधी ते एका कामाचा भाग असतं: कातणं, तुरुंगात जाणं, शेतमजुरांबरोबर चालणं. मग ते त्या कामाची खूण होतं. शेवटी काम गळून पडतं आणि खूण उरते. खूण मात्र कोणालाही विकत घेता येते. गांधींनी बेळगावला आणि पुन्हा १९४५ मध्ये खूण आणि काम यांची गाठ बांधायचा प्रयत्न केला. ती गाठ दर वेळी सुटली, कारण माणसांना वेळ नव्हता, इच्छा नव्हती, आणि पैसे देऊन मोकळं होणं सोपं होतं. यात कोणी खलनायक नाही. आपणही तिथे असतो तर बहुतेक सूत विकतच घेतलं असतं.

पण १९३५ चा प्रश्न वेगळा होता आणि तो आजही शिळा झालेला नाही. नेसणाऱ्याची ओळख काय, हे तो विचारत नाही. कातणारीला काय मिळालं, हे विचारतो.

त्या प्रश्नाचं आजचं उत्तर आकड्यांत देता येतं. खादीचं सूत गुंडीवर मोजतात. एक गुंडी म्हणजे १,००० मीटर. एप्रिल २०२३ पर्यंत कातणाऱ्याला गुंडीमागे साडेसात रुपये मिळत. मग १० झाले, ऑक्टोबर २०२४ पासून साडेबारा, आणि एप्रिल २०२५ पासून १५ रुपये. काही वर्षांत भाव दुप्पट झाला हे चांगलंच आहे. पण बेळगावचा तो नियम आठवा: महिन्याला २,००० वार. म्हणजे दोन गुंड्यांपेक्षा थोडं कमी सूत. देशातल्या बड्या बड्या पुढाऱ्यांना जे काम जड गेलं आणि म्हणून ठराव मागे घ्यावा लागला, त्या कामाची मजुरी आजच्या वाढीव दरानेही तीस रुपयांच्या आत बसते.

खादीच्या दुकानात सदऱ्यावर किंमत लिहिलेली असते, सूट लिहिलेली असते, खादीची मोहोर असते, कधी गांधींचं चित्रही असतं. गुंडीचा भाव लिहिलेला मी तरी कुठे पाहिला नाही. तो लिहिला तर सदऱ्याची शोभा कमी होईल कदाचित, पण आपण काय विकत घेतोय ते तरी कळेल. खादी घ्या किंवा गिरणीचं घ्या, जीन्स घ्या किंवा काही घेऊ नका. ते तुमचं तुम्ही ठरवा. पण कापड "माझ्याबद्दल" काय सांगतंय याचा विचार झाला, की एक मिनिट ते कातणारीबद्दल काय सांगतंय हेही दुकानदाराला विचारून पाहा. बहुतेक वेळा त्याला उत्तर येत नाही. विचारणारे वाढले तर त्याला ते शोधावं लागेल.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.